कामाच्या वेळी फोन, चॅट आणि आपलं लक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाला बसल्यावर फोन, चॅट, ईमेल आणि ब्राउझर यांचं काय करायचं, याबद्दल वाचक जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एका ठिकाणी आणलं आहे. सगळं सलग वाचायची गरज नाही. प्रश्न ८ आणि ९ मात्र सोडू नका, कारण बाकीची बरीच उत्तरं फिरूनफिरून तिथेच येतात.

१. दिवसभर खुर्चीत बसून असतो, तरी संध्याकाळी ‘आज काय झालं?’ म्हटलं तर सांगण्यासारखं काही नसतं. वेळ जातो कुठे?

वेळ बारीकबारीक तुकड्यांत जातो, म्हणून गेल्याचं कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात काम करणाऱ्या माणसांचं लक्ष अनेक वर्षं मोजलं आहे. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत ही सरासरी ४७ सेकंदांच्या आसपास आली.

या आकड्याने लगेच हबकून जाऊ नका. अहवाल लिहिताना शेजारच्या एक्सेलमधला आकडा बघायला गेलात तर स्क्रीन बदलतो, काम बदलत नाही. काम बदलतं तेव्हाच नुकसान होतं. आपल्या बाबतीत ते किती वेळा होतं हे बघायचं असेल, तर एक दिवस शेजारी कागद ठेवा आणि हातचं काम सुटलं की त्यावर एक रेघ मारा. फोन वाजला, कोणी हाक मारली, चॅटची खिडकी वर आली, तर डावीकडे. कोणी बोलावलं नसताना आपणच उठलो, तर उजवीकडे. उजवीकडच्या रेघा मोजल्या की बहुतेकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मार्क यांच्या निरीक्षणातही जवळपास निम्मे व्यत्यय माणसांनी स्वतःच ओढवून घेतलेले होते.

२. एक नोटिफिकेशन बघायला दोन सेकंद लागतात. एवढ्याने काय बिघडतं?

दोन सेकंद डोळ्यांचे झाले. डोकं त्याहून बराच वेळ तिकडे राहतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये काही लोकांना सतत लक्ष लागणारं एक कंटाळवाणं काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर कॉल आणि मेसेज पाठवले. लोकांनी फोन उचलला नाही, तरी चुका वाढल्या. कोणाचा असेल, काय असेल, हा विचार सुरू व्हायला नुसता आवाज पुरतो.

दुसरी बाजू सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवली. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. एखादा मेसेज वाचून ‘नंतर उत्तर देऊ’ म्हणत परत फिरलात, की नेमकं हेच होतं. म्हणून उत्तर द्यायला वेळ नसेल तर मेसेज उघडूच नये, हे बरं.

३. एकदा लक्ष उडालं की परत यायला २३ मिनिटं लागतात, हे खरं का?

आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितला जातो. तोही ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणातून आला आहे. काम मध्येच सुटल्यावर माणसं त्याच कामाकडे परत येईपर्यंत सरासरी एवढा वेळ गेला, आणि त्या वेळात ती साधारण दोन वेगळी कामं करून आली. मेंदू २३ मिनिटं बंद पडतो, असा त्याचा अर्थ नाही.

त्याच संशोधिकेचा २००८ मधला एक प्रयोग क्वचितच कोणी सांगतं. त्यात ज्यांच्या कामात व्यत्यय आणले गेले त्यांनी काम उलट लवकर उरकलं. मात्र ताण, चिडचिड आणि घाई वाढली. म्हणजे ‘मला काही फरक पडत नाही, माझी कामं होतात’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. कामं होतात, तो संध्याकाळी पार पिळून निघालेला असतो.

४. मग सगळ्या नोटिफिकेशन एकदम बंद करून टाकू का?

एकदम नको. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना नोटिफिकेशन नेहमीसारख्या आल्या, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने, तर काहींच्या पूर्ण बंद केल्या. गठ्ठ्याने मिळालेल्यांना बरं वाटलं. पूर्ण बंद असलेल्यांची बेचैनी वाढली. काहीतरी सुटतंय ही भीती फोन वाजण्याइतकीच त्रास देते.

चाळणी लावायची ती अशी: माणसाने थेट तुम्हालाच उद्देशून केलेला फोन किंवा मेसेज चालू ठेवायचा, यंत्राने पाठवलेलं सगळं बंद करायचं. सवलती, ‘तुमच्या ओळखीच्या अमक्याने फोटो टाकला’, बातम्या, खेळ, ॲपचं ‘बरेच दिवसांत दिसला नाहीत’ हे सगळं यंत्राचं. ॲपच्या चिन्हावरचा लाल ठिपकाही बंद करा. तो वाजत नाही, पण फोन हातात घेतला की पहिलं बोट तिथेच जातं. फोनमध्ये ठरावीक वेळी सगळं एकत्र दाखवायची सोय असेल तर दुपारची आणि संध्याकाळची वेळ लावून ठेवा.

५. फोन शांत ठेवला आणि घरून तातडीचा फोन आला तर?

‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये याची सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. निवडक माणसांचे फोन वाजू द्यायचे, ही पहिली. दुसरी अशी की त्याच नंबरवरून लगेच पुन्हा फोन आला तर तो वाजू द्यायचा. आयफोनवर दुसरा फोन ३ मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत. आई, बायको, मुलांची शाळा यांची नावं पहिल्या यादीत घाला आणि बाकीच्यांना सांगून ठेवा: ‘खरंच अडलं असेल तर लागोपाठ दोनदा लाव.’

हे लावल्यावर एकदा दुसऱ्या फोनवरून करून बघा. खात्री नसली की माणूस दर दहा मिनिटांनी फोन तपासतो, मग शांत ठेवून मिळवलं काय?

६. फोन टेबलावर उलटा ठेवला तर पुरतं का?

टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचं २०१७ मधलं संशोधन याबाबत नेहमी सांगितलं जातं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचण्यांत फोन टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा बरी कामगिरी केली, फोन बंद असला तरी. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी नाही. त्यामुळे ‘फोन नुसता जवळ असला तरी बुद्धी कमी होते’ असं छातीठोकपणे सांगू नये.

तरी फोन लांबच ठेवा, आणि त्याचं कारण साधं आहे. हाताच्या अंतरावरचा फोन विचार न करता उचलला जातो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तर उठावं लागतं, आणि उठता उठता ‘मी का उठतोय?’ हा प्रश्न पडतो. निम्म्या वेळा माणूस परत बसतो.

७. ऑफिसच्या लॉगिनचा ओटीपी फोनवरच येतो. फोन लांब ठेवणार कसा?

हा फार खरा त्रास आहे. ओटीपी बघायला फोन उचलायचा आणि वीस मिनिटांनी तो खाली ठेवायचा, ओटीपीची मुदत केव्हाच संपलेली. लागणारी सगळी लॉगिन कामाच्या सुरुवातीला एका दमात करून घ्या. आयटी विभागाला विचारा: ओटीपीऐवजी पासकी (पासवर्डशिवाय लॉगिन करायची सोय) किंवा छोटी यूएसबी चावी चालते का, ओळखीच्या संगणकावर पुन्हा ओटीपी न मागण्याची सोय आहे का. काहीच जमत नसेल तर बाकी सगळं बंद ठेवून फक्त एसएमएस लॉक स्क्रीनवर दिसू द्या, म्हणजे फोन उघडावा लागणार नाही.

८. फोन लांब, नोटिफिकेशन बंद, तरी दर पाच मिनिटांनी मी ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडते. हा काय प्रकार आहे?

खरा प्रश्न हा आहे. आपण फोनला दोष देतो, पण फोन ही पळून जायची एक वाट आहे, इतकंच. ती बंद केली की आपण दुसरी शोधतो. पळावंसं का वाटलं, ते बघायला हवं.

त्या क्षणाजवळ थोडं थांबून पाहा. अहवालाचा तिसरा परिच्छेद चालू आहे. ‘गेल्या तिमाहीच्या तुलनेत विक्री’ इथपर्यंत वाक्य आलं आणि पुढे आकडा हवा. तो कुठे आहे हे नक्की माहीत नाही. फाइल बहुतेक सहकाऱ्याकडे आहे, त्यांना विचारायला थोडं अवघडल्यासारखं होतंय. या क्षणी बोटं आपोआप कंट्रोल आणि टी दाबतात. कंटाळा आला म्हणून टॅब उघडला, असं आपण नंतर म्हणतो. खरं तर वाक्य अडलं होतं.

आपले टॅब नीट तपासले तर त्यामागे बहुधा तीनपैकी एक गोष्ट सापडते: पुढची पायरी स्पष्ट नाही, पायरी स्पष्ट आहे पण नकोशी आहे, किंवा चुकेल अशी भीती आहे. तिन्हींचे उपाय वेगळे. पायरी स्पष्ट नसेल तर ती कागदावर एका वाक्यात लिहा, आणि क्रियापदासकट लिहा. ‘अहवाल’ असं नको. ‘विक्रीची फाइल मागायला मेसेज टाकायचा’ असं हवं. नकोशी असेल तर फक्त दहा मिनिटं तिला द्यायची, असं ठरवा. सुरुवात झाल्यावर बहुतेक वेळा घड्याळाकडे बघावं लागत नाही. भीती असेल तर मुद्दाम वाईट मसुदा लिहा आणि फाइलच्या नावातच ‘कच्चा’ घाला. नाव तसं दिलं की हात मोकळा होतो.

शिवाय पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा आधीच ठरवलेल्या वाक्यांचा उपयोग १९९० च्या दशकात दाखवून दिला. त्याची इथली आवृत्ती: ‘वाक्य अडलं, तर मी टॅब न उघडता काय अडलं ते कागदावर लिहीन.’ नुसत्या ‘लक्ष देऊन काम करीन’ या निश्चयापेक्षा हे बरंच जास्त टिकतं.

कामाशी संबंध नसलेलं काही मध्येच आठवलं, बिल भरायचं, कोणाला तरी फोन करायचा, तर तेही त्याच कागदावर उतरवा आणि पुढे चला. लिहिलेलं डोक्यात घोळत नाही.

९. मध्येच उठावंच लागतं. परत आल्यावर ‘मी कुठे होतो?’ इथपासून सुरुवात. यावर काही उपाय?

आहे, आणि या सगळ्या पानावर एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. उठण्याआधी परत येण्याची चिठ्ठी लिहा. लरॉय (प्रश्न २ मधल्याच) आणि टेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परतल्यावर पहिलं काय करणार, एवढं मिनिटभरात लिहून ठेवणाऱ्यांचं लक्ष मागे कमी अडकलं आणि मधलं कामही त्यांनी चांगलं केलं.

चिठ्ठी अशी असावी: ‘मार्चची बेरीज ४,२०० ने जुळत नाही. परतावे दोनदा धरलेत का बघ. रकाना फ, ओळ ३० पासून.’ ‘बेरीज तपासणे’ एवढंच लिहिलं तर उपयोग नाही. परत आल्यावर तेच शोधण्यात दहा मिनिटं जातात, आणि ती दहा मिनिटं नकोशी असतात म्हणून आधी चॅट उघडलं जातं. चिठ्ठी आज्ञार्थी लिहा. थकलेल्या माणसाला सूचना पाळणं सोपं जातं, विचार करणं जड जातं.

व्यत्यय सगळे टाळता येत नाहीत, आणि टाळायच्या नादाला लागलं की माणूस सहकाऱ्यांवर खेकसायला लागतो. त्यापेक्षा परतीची सोय करणं जास्त फळतं, असं माझं ठाम मत आहे. दिवस संपवतानाही हीच चिठ्ठी लिहून उठा. सकाळचा पहिला अर्धा तास ईमेलच्या तावडीत जात नाही.

१०. पोमोडोरो करून पाहिलं, मला जमत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास करायला सुरुवात केली, तिथून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत आली. २५ हा आकडा त्याच्या सोयीचा. नकोसं काम सुरू करायला ही पद्धत उत्तम. पण प्रोग्रामिंग, हिशेबाची जुळणी, लेखन यांत तंद्री लागायलाच वीस मिनिटं जातात, आणि ती लागली की घंटा वाजते. अशा कामाला ५० ते ९० मिनिटांचा सलग पट्टा ठेवा. पाच मिनिटांच्या विश्रांतीत मात्र फोन नको; उभं राहा, पाणी प्या, खिडकीबाहेर बघा.

११. ईमेल दिवसातून किती वेळा बघावं?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कुश्लेव्ह आणि डन यांनी २०१५ मध्ये १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच आणि दुसरा आठवडा हवं तितक्यांदा ईमेल बघायला सांगितलं. तीनदाच्या आठवड्यात ताण कमी होता. पण ते पाळणं लोकांना अवघड गेलं, हेही त्यांनीच नोंदवलं.

तीन जमत नसेल तर पाच करा. संख्येपेक्षा वेळ ठरलेली असणं महत्त्वाचं. आणखी एक छुपा खड्डा: जुनी फाइल शोधायला इनबॉक्स उघडणं. नवीन बारा मेल दिसतात आणि फाइल राहते बाजूला. लागणारी फाइल आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवा, किंवा शोधाचंच पान बुकमार्क करून थेट तिथे जा.

१२. आमच्या साहेबांना पाच मिनिटांत उत्तर लागतं. मी चॅट बंद ठेवूच शकत नाही.

खरंच पाच मिनिटांत लागतं, की आपण तसं धरून चाललोय? एक आठवडा साहेबांचे मेसेज बघा आणि त्यातल्या किती गोष्टी तासाभराने दिल्या असत्या तरी चाललं असतं ते मोजा. मग बोला. परवानगी मागण्यापेक्षा पर्याय पुढे ठेवणं बरं पडतं: ‘सर, साडेदहा ते बारा मी प्रस्तावावर बसतोय, चॅट बघणार नाही. मध्ये काही तातडीचं असलं तर फोन करा, लगेच उचलतो. बारा वाजता सगळ्या मेसेजना उत्तर देतो.’

यात तीन गोष्टी आहेत: किती वेळ, कशासाठी, आणि तातडीची वाट कुठली. तिसरी सांगितली नाही तर समोरचा अस्वस्थ होतो आणि मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. बारा म्हटलं की बारालाच उत्तर गेलं पाहिजे. एकदा चुकलं की पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.

साहेब तरी ऐकत नसतील? काही जागी खरोखर ऐकत नाहीत. तिथे सलग वेळ मिळवायचा हट्ट सोडा आणि प्रश्न ९ मधल्या चिठ्ठीवर भर द्या.

१३. ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप इतके आहेत की काम त्यातच बुडतं. बाहेर पडलं तर वाईट दिसतं.

बाहेर पडू नका, ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. सेटिंगमध्ये ‘चॅट अर्काइव्ह ठेवा’ चालू असलं की नवा मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही. तुमचं नाव घेऊन किंवा तुमच्या मेसेजला उत्तर म्हणून कोणी लिहिलं, तर कळतं. ग्रुपमध्ये सांगून ठेवा: ‘माझ्यासाठी काही असेल तर नाव टॅग करा.’ शुभेच्छांचा पूर कामाच्या सूचना बुडवत असेल, तर सूचनांचा वेगळा ग्रुप काढून त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करायला सुचवा. हे कोणीतरी सुचवायचीच खोटी असते.

१४. माझं कामच ग्राहकांच्या मेसेजना उत्तर देण्याचं किंवा सोशल मीडिया सांभाळण्याचं आहे. मी काय करू?

तुमच्यासाठी मेसेज हा व्यत्यय नाही, तेच काम आहे. त्यामुळे वरचे बरेच सल्ले तुम्हाला लागू नाहीत. अडचण येते ती मेसेज सांभाळत असतानाच महिन्याचा अहवालही लिहा म्हटल्यावर. दोघं असाल तर आळीपाळीने बसा: एक तास एकाने सगळे मेसेज घ्यायचे, दुसऱ्याने अजिबात बघायचे नाहीत. एकटे असाल तर अहवालासाठी मेसेज सगळ्यात कमी येतात तो तास निवडा. जुन्या मेसेजच्या वेळा चाळल्या की तो सापडतो.

सोशल मीडिया सांभाळणाऱ्यांनी कामाचं आणि स्वतःचं खातं वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये ठेवावं, आणि पोस्ट टाकायला शक्यतो वेळ लावून ठेवायचं साधन वापरावं. फीडमधून जाऊन पोस्ट टाकणं म्हणजे शेवट नसलेल्या स्क्रोलमधून वाट काढणं, आणि तिथून हात हलवत परत येणारे थोडेच.

१५. गाणी ऐकत काम केलं तर चालतं का?

वाचन-लेखनाच्या कामात शब्द असलेली गाणी नकोत. कानातले शब्द डोळ्यांपुढच्या शब्दांशी भांडतात. नुसतं वाद्यसंगीत, किंवा हातांचं ठरावीक काम असेल तर काहीही चालेल. पुढचं गाणं निवडायला फोन उघडावा लागणार असेल, तर मात्र नको.

१६. ब्लॉकर ॲप, काळा-पांढरा स्क्रीन याने खरंच फरक पडतो का?

थोडा पडतो. फोनचे रंग काढून टाकल्यावर रोजचा वापर सरासरी ३८ मिनिटांनी कमी झाला, असं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं. त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते. साइट अडवणारी साधनंही सवयीच्या हाताला एक ठेच देतात. पण पासवर्ड आपल्याच हातात असतो आणि आपण आपल्याला ओळखतो. पळण्याचं कारण तसंच असेल तर माणूस ब्लॉकरची सेटिंग नीट लावण्यातही तासभर घालवतो. आधी प्रश्न ८.

१७. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दुसरं काम उरकतो. त्यात काय वाईट?

एक ना धड भाराभर चिंध्या, एवढंच. तुमची खरंच गरज नसेल तर मीटिंगला जाऊ नका आणि निर्णय नंतर लिहून मागा. गरज असेल तर तुम्हीच टिपण घ्या, हात गुंतलेले राहतात.

१८. काम संपल्यावर रात्री मेसेज येतात आणि डोकं पुन्हा ऑफिसात जातं. बघायलाच हवेत का?

हे तुमच्या देशातल्या कायद्यावर आणि करारावर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करावी लागते. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला, पण नकार अवाजवी नसावा अशी अट आहे. कायदा नसेल तिथे प्रश्न १२ सारखं बोलून ठरवावं लागतं. तुम्ही स्वतः रात्री लिहीत असाल तर मेल सकाळी जाईल असं लावून ठेवा. आपले मेसेज कोणाची तरी रात्र मोडत असतात, हे वरिष्ठांच्या सहसा ध्यानात येत नाही.

१९. हे सगळं करून पाहिलं, तरी दहा मिनिटंही मन लागत नाही. मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) असेल का?

इंटरनेटवरच्या चाचणीवरून ठरवू नका. मोठेपणी निदान करताना डॉक्टर काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का आणि ती एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी, शाळेत, कामावर, दिसतात का हे बघतात. फक्त या नोकरीत, फक्त गेल्या वर्षभरात लक्ष लागेनासं झालं असेल, तर अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड यांपैकी काही असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर बरोबर न्या. शिक्षकांचे ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ असे शेरे तिथे उपयोगी पडतात. आईवडील किंवा मोठं भावंड सोबत आलं तर आणखी चांगलं; आपलं लहानपण त्यांना जास्त आठवतं.